व्हिस्लर आणि त्याची शिळाछाप चित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेम्स मॅकनील व्हिस्लर म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात : काळ्या पोशाखात खुर्चीवर बसलेली त्याची आई आणि रस्किनशी झालेला खटला. त्याने दगडावरून छापलेली करडी, तळहाताएवढी चित्रं मात्र मागेच राहतात. मला ती त्याच्या मोठ्या कॅनव्हासांहून अधिक जवळची वाटतात, आणि त्याच्याबद्दलचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात त्यांची उत्तरं देताना माझा कल त्यांच्याकडेच राहणार आहे.

व्हिस्लर इंग्रज होता का?

नाही. तो जन्माने अमेरिकन, ११ जुलै १८३४चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावचा. वडील रेल्वेचे इंजिनिअर. रशियाच्या झारने सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को लोहमार्गासाठी त्यांना बोलावलं, म्हणून मुलाचं बालपण रशियात गेलं आणि चित्रकलेचे पहिले धडे त्याने तिथल्या शाही अकादमीत गिरवले. १८४९मध्ये वडील गेले आणि कुटुंब अमेरिकेला परतलं. पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत भरती झाला, पण रसायनशास्त्रात नापास झाल्यामुळे तिथून बाहेर पडावं लागलं. मग वॉशिंग्टनच्या सागरकिनारा सर्वेक्षण खात्यात काही काळ नोकरी केली. नकाशांसाठी तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायला तो तिथेच शिकला. १८५५मध्ये तो पॅरिसला गेला आणि पुन्हा कधी अमेरिकेत परतला नाही. १८५९पासून त्याचा मुक्काम मुख्यतः लंडनमध्ये, थेम्सकाठच्या चेल्सी भागात होता. १७ जुलै १९०३ रोजी लंडनमध्येच तो वारला.

मग त्याला ‘व्हिक्टोरियन चित्रकार’ का म्हणतात?

काळ आणि शहर यांच्यामुळे. त्या काळच्या लंडनला चित्रात गोष्ट हवी असायची : आजारी मूल, परतलेला सैनिक, पश्चात्तापदग्ध बाई. व्हिस्लरला त्यातलं काहीच नको होतं. रंगांची एकमेकांशी जुळणी आणि कागदावरची मोकळी जागा एवढ्यावरच चित्र उभं राहावं, असं त्याचं म्हणणं. २० फेब्रुवारी १८८५ला रात्री दहा वाजता त्याने याच विषयावर व्याख्यान दिलं. ते ‘टेन ओ’क्लॉक’ याच नावाने गाजलं, आणि पुढे फ्रेंच कवी मालार्मेने त्याचं फ्रेंच भाषांतर केलं.

आईच्या चित्राला त्याने ‘आई’ असं नाव का दिलं नाही?

चित्राचं खरं नाव ‘अरेंजमेंट इन ग्रे अँड ब्लॅक, नंबर १’. १८७१मध्ये रंगवलेलं, १८७२च्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागलेलं. ती माझी आई असली तरी बघणाऱ्याला त्याचं काय, त्याने करडा आणि काळा बघावा, अशी त्याची भूमिका होती. १८९१मध्ये फ्रेंच सरकारने ते विकत घेतलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

नॉक्टर्न, सिंफनी ही संगीतातली नावं कशासाठी?

वर सांगितलं त्याच कारणासाठी. रागदारी ऐकताना ‘यात गोष्ट काय?’ असं कुणी विचारत नाही, मग चित्राला तो प्रश्न का? ‘नॉक्टर्न’ हा शब्द त्याला सुचवला तो त्याचा आश्रयदाता, लिव्हरपूलचा जहाजमालक फ्रेडरिक लेलंड याने. याच लेलंडच्या जेवणघरात व्हिस्लरने निळ्या-सोनेरी मोरांची खोली रंगवली, आणि पैशांवरून दोघांचं कायमचं बिनसलं.

रस्किनच्या खटल्यात नेमकं काय झालं?

१८७७मध्ये ग्रोव्हनर गॅलरीत व्हिस्लरचं ‘नॉक्टर्न इन ब्लॅक अँड गोल्ड : द फॉलिंग रॉकेट’ लागलं. चेल्सीच्या क्रेमोर्न बागेत रात्री आतषबाजी व्हायची, तिच्या विझत खाली येणाऱ्या ठिणग्यांचं हे चित्र. किंमत दोनशे गिनी. जॉन रस्किन हा त्या काळचा सर्वांत वजनदार समीक्षक. त्याने छापून टाकलं की लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं फेकायचे एक बढाईखोर माणूस दोनशे गिनी मागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

व्हिस्लरने अब्रूनुकसानीचा दावा लावला. २५ आणि २६ नोव्हेंबर १८७८ला सुनावणी झाली. रस्किन आजारपणामुळे आलाच नाही. त्याच्या बाजूने चित्रकार बर्न-जोन्सने साक्ष दिली, व्हिस्लरच्या बाजूने चित्रकार अल्बर्ट मूरने. दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी मागता का, असं उलटतपासणीत विचारल्यावर व्हिस्लर म्हणाला, नाही, आयुष्यभरात जे कमावलं त्या जाणतेपणाचे मागतो.

निकाल त्याच्या बाजूने लागला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. शिवाय खर्च ज्याचा त्याने सोसायचा. आधीच कर्ज होतं. मे १८७९मध्ये त्याचं दिवाळं निघालं, हौसेने बांधून घेतलेलं ‘व्हाइट हाउस’ हे राहतं घर विकावं लागलं. मग फाइन आर्ट सोसायटीच्या मागणीवरून बारा एचिंग (तांब्याच्या पत्र्यावरून छापायची चित्रं) करायला तो व्हेनिसला गेला आणि वर्षभराहून जास्त तिथेच रमला.

ज्या वर्षी हा खटला उभा राहिला, त्याच १८७८मध्ये त्याने पहिल्यांदा दगडावर चित्र काढलं. खटल्याच्या गदारोळात ती गोष्ट झाकली गेली.

शिळाछाप म्हणजे काय? दगड कोरतात का?

कोरत नाहीत, आणि यातली सगळी गंमत तिथेच आहे. लाकडाच्या ठशात नको तो भाग खणून काढतात, एचिंगमध्ये अॅसिडने तांब्यात खाच पाडतात. शिळाछापात दगडाचा पृष्ठभाग सपाटच राहतो. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, एवढ्यावर सगळं चालतं.

दगड लागतो तो बारीक पोताचा चुनखडीचा. सगळ्यांत चांगला बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा. म्युनिकला आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही रीत शोधली ती याच दगडावर. दगड वाळूने घासून हवा तसा खरखरीत किंवा गुळगुळीत करतात. त्यावर मेण, साबण आणि काजळी असलेल्या तेलकट खडूने चित्र काढायचं. मग डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक अॅसिड घालून ते वरून फिरवायचं. त्यामुळे खडूचा तेलकटपणा दगडात पक्का होतो आणि कोरी जागा पाणी धरून ठेवते. यानंतर ओल्या स्पंजाने दगड पुसून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडू लागलेल्या जागी चिकटते. वर कागद ठेवून दाबातून काढला की झाली प्रत. प्रत्येक प्रतीला पुन्हा पाणी, पुन्हा शाई.

खडूचा हलकासा स्पर्शसुद्धा यात जसाच्या तसा उतरतो. हात जिथे थबकला, जिथे दाब कमी झाला, तेही कागदावर दिसतं. व्हिस्लरसारख्या कमी बोलणाऱ्या रेषेला हेच हवं होतं.

या कामाला त्याला कुणी लावलं?

थॉमस वे नावाच्या मुद्रकाने. लंडनच्या स्ट्रँडजवळ, वेलिंग्टन स्ट्रीटवर त्याचा छापखाना होता. तेव्हा शिळाछाप म्हणजे बाजारी काम : जाहिराती, गाण्याच्या पुस्तकांची मुखपृष्ठं, डब्यांवरची लेबलं. प्रतिष्ठित चित्रकार त्याच्या वाटेला जात नसत. वेला मात्र हे तंत्र पुन्हा चित्रकाराच्या हातात द्यायचं होतं. त्याने १८७८मध्ये व्हिस्लरला दगड दिले, खडू दिले, पातळ शाईचे हात कसे द्यायचे ते दाखवलं. त्याचा तरुण मुलगा टी. आर. वेसुद्धा या कामात होता.

पहिल्या खेपेतली ‘नॉक्टर्न’, म्हणजे बॅटरसीजवळची रात्रीची नदी, ही मला सर्वांत धाडसी वाटते. मुद्रकाने दगडावर आधीच एक सलग करडी छटा देऊन ठेवली होती. व्हिस्लरने जिथे उजेड हवा तिथे ती खरवडली, जिथे अंधार हवा तिथे शाईचा हात दिला. नदी, पलीकडच्या काठावरची धुरांडी आणि एक मनोरा, बस्स. ही चित्रं वर्गणीदारांसाठी ‘आर्ट नोट्स’ नावाने काढायचा बेत होता, पण पुरेसे वर्गणीदारच मिळाले नाहीत. मग दिवाळं, मग व्हेनिस. काम थांबलं ते थेट १८८७च्या सुमाराला पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या खेपेत काय बदललं?

दगड घरी राहिला आणि कागद खिशात आला. वे त्याला ट्रान्स्फर पेपर पुरवू लागला. या कागदावर विशिष्ट लेप असतो. त्यावर खडूने काढलेलं चित्र ओलं करून दगडावर दाबलं की तेलकट रेषा दगडावर उतरते, आणि पुढचं छापणं नेहमीसारखं. दोन फायदे झाले. जड शिळा वाहून न्यायची कटकट गेली. आणि दगडावर थेट काढलेलं चित्र छापताना उलटं होतं, ते इथे दोनदा उलटून सुलटं येतं. रस्त्यात उभं राहून, बाकावर बसून काढलेलं चित्र पोस्टाने वेकडे पाठवायचं आणि प्रतीची वाट पाहायची, असा क्रम पडला.

या चित्रांत असतं तरी काय?

चेल्सीची मासळीची आणि फळांची दुकानं, लोहाराचं काम, पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत मुलांना घेऊन बसलेल्या आया, झिरझिरीत वस्त्रातल्या मॉडेल, मित्रांचे चेहरे. लोहारशाळा हा त्याचा खास विषय. पॅरिसच्या पासाज द्यू द्रागोंमध्ये आणि १८९५च्या हेमंतात डॉर्सेटच्या लाइम रीजिसमध्ये त्याने त्या पुन्हा पुन्हा काढल्या. भट्टीचा उजेड एका बाजूने येतो आणि बाकी सगळं अंधारात, हे खडूने काढणं किती अवघड आहे ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. कवी स्तेफान मालार्मेचं छोटं व्यक्तिचित्र तर मोजक्या रेघांचं आहे. डोकं किंचित कलतं, नजर कुठेतरी भलतीकडे, आणि हात जवळजवळ नाहीतच.

१८९०मध्ये ‘द व्हर्लविंड’ या पेनीला मिळणाऱ्या साप्ताहिकात त्याची काही शिळाछाप चित्रं निघाली. पेनीला व्हिस्लर! ही गोष्ट मला फार आवडते.

रंगीत शिळाछापं केली का?

थोडी. १८९२मध्ये पॅरिसला राहायला गेल्यावर तिथल्या बेल्फों या मुद्रकाबरोबर त्याने काही रंगीत प्रयोग केले. ब्रिटनीतल्या लानियों गावाचं पिवळं घर त्यातलंच. दर रंगाला वेगळा दगड लागतो. प्रयोग फार पुढे गेले नाहीत.

आपल्याकडचे रविवर्मा प्रेसचे छाप आणि ही चित्रं एकाच जातीची का?

तंत्र एक, हेतू अगदी वेगळा. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा प्रेस काढला तोही १८७८मध्येच, म्हणजे व्हिस्लरने पहिल्यांदा दगडाला हात लावला त्याच वर्षी. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या दोन्ही ठिकाणी उद्देश होता देवादिकांची आणि पुराणातली रंगीत चित्रं घरोघरी पोहोचवण्याचा. मूळ चित्र कलावंताचं, पण ते दगडांवर उतरवणारे कारागीर वेगळे. एका चित्राला अनेक दगड, आणि प्रती भरमसाट. आपल्या देवघरांच्या भिंती त्या छापांनीच सजल्या.

व्हिस्लरच्या चित्रामागे वेगळं मूळ चित्र नसतंच. खडू त्याचा, रेषा त्याची, आणि जे छापलं तेच मूळ. प्रतीही थोड्या. यात उच्च-नीच लावायचं मला कारण दिसत नाही. चित्रशाळेच्या रामपंचायतनाने जे काम केलं ते व्हिस्लरच्या ‘नॉक्टर्न’ने कधीच केलं नसतं, आणि उलटही तितकंच खरं.

बीट्रिक्स कोण? तिचा या चित्रांशी काय संबंध?

संबंध इतका की मला तर या सगळ्या कामाच्या मध्यभागी तीच दिसते.

बीट्रिक्स ही वास्तुशिल्पी ई. डब्ल्यू. गॉडविनची विधवा. स्वतः चित्रकार. ११ ऑगस्ट १८८८ला व्हिस्लरने तिच्याशी लग्न केलं, तेव्हा तो चौपन्न वर्षांचा होता. दगडावरचं काम तिला मनापासून आवडायचं आणि ती त्याला त्यासाठी सतत उत्तेजन देत राहिली. सुखाची वर्षं म्हणजे पॅरिसच्या र्‍यू द्यू बाकवरचं घर आणि मागची बाग. १८९४मधल्या ‘द ड्युएट’मध्ये बीट्रिक्स आणि तिची बहीण दिव्याच्या उजेडात पियानोशी आहेत. चेहरे नीट दिसतही नाहीत, तरी खोलीतली ऊब कळते.

त्याच वर्षाच्या अखेरीस तिचं आजारपण उघड झालं. कर्करोग होता. उपचारांसाठी दोघं लंडनला आली, आणि १८९६च्या सुरुवातीला सॅव्हॉय हॉटेलच्या वरच्या मजल्यावर, थेम्सकडे उघडणाऱ्या खोलीत राहिली. तिथे त्याने जी चित्रं काढली ती सगळी खिडकी आणि पलंग यांच्या दरम्यानची आहेत. खिडकीतून दिसणारे वॉटर्लू आणि चेरिंग क्रॉसचे पूल, खालचा रस्ता, नावा. आणि वळून पाहिलं की बीट्रिक्स.

‘बाय द बाल्कनी’ आणि ‘द सिएस्टा’ ही दोन चित्रं शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात ती खिडकीजवळ आडवी आहे आणि मागे शहर पसरलंय. दुसऱ्यात शहर नाही. उशीत रुतलेलं डोकं, गळून पडलेला हात, आणि पांघरुणाच्या लांब, सैल रेघा. चेहऱ्यावर खडू जेमतेम टेकलाय. पांघरूण काढताना मात्र तो पुन्हा पुन्हा फिरलाय, जणू चेहऱ्याकडे फार वेळ बघवत नव्हतं. हा माझा अंदाज, पण चित्र पाहिल्यावर दुसरं काही सुचत नाही.

याच खोलीतून ‘द थेम्स’ झालं. ट्रान्स्फर पेपर बाजूला ठेवून अठरा वर्षांपूर्वीची ती करडी छटा दिलेल्या दगडाची रीत त्याने पुन्हा वापरली. संध्याकाळची नदी, काठावरचे दिवे, पलीकडे धुरकट इमारती. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने सॅव्हॉयमधून हीच नदी रंगवायला आला तो १८९९मध्ये.

१० मे १८९६ला बीट्रिक्स गेली. त्यानंतर व्हिस्लरने दगडासाठी फारच थोडं काम केलं.

थॉमस वेशी भांडण कशावरून झालं?

हिशेबावरून आणि प्रतींच्या-दगडांच्या मालकीवरून, बीट्रिक्स गेली त्याच वर्षी. टी. आर. वेने १८९६मध्येच व्हिस्लरच्या शिळाछापांची पहिली सूची छापली होती, इतकी जवळीक होती. वे पितापुत्रांनी सोसलेले कष्ट आणि दिलेला वेळ पाहिला तर या तुटण्यात मला व्हिस्लरचाच दोष जास्त दिसतो. शोकात माणूस जवळच्यांवरच उलटतो, हे खरं असलं तरी.

सिकर्टचा खटला हा वेगळा का?

हो, आणि रस्किनच्या खटल्याइतकाच महत्त्वाचा. वॉल्टर सिकर्ट व्हिस्लरचा जुना शिष्य. १८८३मध्ये आईचं चित्र पॅरिसच्या सलों या मोठ्या प्रदर्शनात पोचवायला हाच गेला होता. १८९६च्या डिसेंबरात त्याने ‘सॅटर्डे रिव्ह्यू’मध्ये लिहिलं की ट्रान्स्फर पेपरवर काढलेल्या चित्राला शिळाछाप म्हणून विकणं ही फसवणूक आहे. रोख होता जोसेफ पेनेल या चित्रकारावर, पण व्हिस्लरही तोच कागद वापरत होता. पेनेलने दावा लावला, एप्रिल १८९७मध्ये व्हिस्लर त्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिला, आणि पेनेलला पन्नास पाउंड भरपाई मिळाली. मला हा निकाल योग्यच वाटतो. रेषा कलावंताच्या हातची असेल तर ती दगडापर्यंत कागदावरून गेली म्हणून परकी होत नाही.

चित्रांवरचं फुलपाखरू काय सांगतं?

ती त्याची सही. नावाच्या अद्याक्षरांपासून त्याने फुलपाखरू घडवलं. टीकाकारांशी झालेली वादावादी ज्यात छापली त्या १८९०च्या ‘द जेंटल आर्ट ऑफ मेकिंग एनिमीज’ या पुस्तकात तर या फुलपाखराला नांगीही आहे. शिळाछापात ते नेहमी नेमक्या जागी बसतं. बोटाने झाकून पाहा, चित्राचा तोल जातो.

माणूस म्हणून तो कसा होता?

वागायला कठीण. मित्र तोडणं त्याला फार सहज जमायचं. जोआना हिफर्नन ही त्याच्या ‘द व्हाइट गर्ल’ या चित्राची मॉडेल आणि वर्षानुवर्षांची सोबतीण. तिच्यानंतरची मॉड फ्रँकलिन दिवाळखोरीत आणि व्हेनिसच्या थंडीत त्याच्याबरोबर राहिली, त्याच्या मुलींची आई झाली, आणि १८८८मध्ये त्याने लग्न केलं ते दुसरीशी. चित्रांवर प्रेम करताना हे विसरायचं कारण नाही.

एकंदर शिळाछापं किती? आणि विकत मिळतात का?

सुमारे १८०. हो, मिळतात. त्याच्या हयातीतल्या, वेने छापलेल्या प्रती महाग असतात. ‘गाँ द स्वेद’सारखी काही चित्रं १८९४मध्ये ‘द स्टुडिओ’ मासिकातून निघाली, त्यामुळे त्यांच्या प्रती पुष्कळ आहेत. त्याच्या मृत्यूनंतर त्याची वारसदार मेहुणी रोझलिंड बर्नी फिलिप हिने फ्रेडरिक गोल्डिंग या मुद्रकाकडून काही दगडांच्या नव्या प्रती काढवल्या. त्याही अस्सल दगडावरच्याच, पण किंमत वेगळी. म्हणून विकत घेणाऱ्याने प्रत कुणी आणि कधी छापली ते आधी विचारावं.

कुठे पाहता येतील?

ग्लासगोच्या हंटेरियनमध्ये (रोझलिंडची देणगी तिथे गेली), वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. यांच्या संकेतस्थळांवर मोठी छायाचित्रं फुकट बघायला मिळतात. सुरुवात १८७८च्या ‘नॉक्टर्न’पासून करा, मग चेल्सीची दुकानं, मग ‘द ड्युएट’, आणि सॅव्हॉयची चित्रं शेवटी, तारखांच्या क्रमाने. चित्र मोठं करून खडूचे कण दिसेपर्यंत जवळ जा. कागदाचा पिवळसर रंग दिसला तर तो दोष समजू नका. जुन्या वह्या-पुस्तकांतले कोरे कागद शोधून व्हिस्लर मुद्दाम त्यांवर छापून घ्यायचा.